त्रेचाळीस नंबर

आमच्या जिन्यात धड म्हणावा असा एकच जोड होता.
काळा, फितींचा, त्रेचाळीस नंबरचा,
नावापुरता माझ्या वडिलांचा.
कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती, पगार नव्हता,
पॉलिशची डबी कशी दिसते
ते दुकानदारही विसरला होता.
पण नोकरी मागायला, कोर्टात उभं राहायला,
मुलीच्या बापासमोर बसायला
माणूस फाटक्या बुटांनी जात नाही,
म्हणून तो जोड पाचही मजले चढायचा, उतरायचा.

तेंगिझ तो घालून बेकरीत गेला,
पाय लहान, टोकात वर्तमानपत्राचे बोळे.
अर्चिलचे पाय मोठे,
तो साखरपुड्याहून लंगडत आला,
पण आला हसत.

बूट परत यायचे ते रिओनीकाठचा चिखल घेऊन.
आई दारातच ते उलटे धरायची,
तळव्याकडे बघून सांगायची कोण कुठे जाऊन आला,
आणि कुठे जाऊन आलो म्हणाला होता.

आधी पाणी, त्यात चमचाभर आंबलेली वाइन,
पांढरे डाग त्यानं सुटायचे.
मग अक्रोड.
अर्धा गर अंगठ्याखाली धरून ती ओरखड्यावर फिरवायची,
फिरवत राहायची,
ओरखडा तेल पिऊन गप्प होईपर्यंत.
माझा हात उरलेल्या अर्ध्याकडे गेला की चापट.
"बुटांच्या तोंडचा घास काढू नकोस."
मग कंदिलाच्या काचेवरची काजळी
मेणबत्तीच्या थेंबात कालवून,
डोळ्यात घालावी इतक्या हलक्या बोटानं.
शेवटी लोकरीचा मोजा, ज्याचा जोडीदार हरवला होता,
आणि थुंकी.
थुंकीला पैसे पडत नाहीत, म्हणायची.

फेब्रुवारीत चौथ्या मजल्यावरचे इपोलिते गेले.
नुनू वर आली, बस म्हटलं तरी बसली नाही.
"चार दिवस तो घरात असेल. लोक येतील,
त्याच्याभोवती फिरतील.
त्याच्या पायात काही नाही, झुझुना."
वडील स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.
आईनं विचारलं, "म्हणजे, मातीत?"
बराच वेळ कोणीच बोललं नाही.
मग नुनूच म्हणाली,
"झाकण लावेपर्यंत."

त्या रात्री आईनं अंडं फोडलं.
घरात एकच होतं.
पांढरं वाटीत घेऊन काट्यानं फेटलं,
आणि बोटानं त्या चामड्यावर असं पसरलं
की कंदील दोन झाले, मग चार.
पिवळं मला दिलं, मीठ घालून.
मी ते चमच्याच्या टोकानं, पुरवून पुरवून खाल्लं.
माणूस मेला की अंडं मिळतं,
हे माझं सात वर्षांचं गणित,
आणि मी मनात पाचव्या मजल्यावरच्या
म्हाताऱ्या पोर्फिलेचा खोकला मोजू लागलो.

चार दिवस लोक आले.
इपोलितेच्या तोंडाकडे एकदा बघायचे,
बुटांकडे दोनदा.
हयातीत त्यांना कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं.

स्मशानात वडील रबरी गलोशांत उभे होते.
झाकण धरून चौघं थांबले.
नुनू वाकली, डावी फीत सुटली,
उजवीची गाठ काही सुटेना.
तिची बोटं थरथरत होती, बर्फ पडत होता,
कोणीतरी चाकू काढला.
"फीत कापायची नाही," आई म्हणाली,
खाली बसली,
आणि गाठ दातांनी सोडवली.

सोमवारी वडिलांनी ते बूट घातले,
शाळेत भूगोल शिकवायला.
दारातच थांबले.
"गार लागतात," एवढंच म्हणाले.
आई अक्रोडाची टरफलं शेगडीत टाकत होती.
वळली नाही.
"मग दोन मोजे घाला."